सोलापुरातलं जे आता जागेवर नाही

महापालिकेचं इंद्रभुवन, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ यांवर भरपूर लिहून झालंय, आणि ते सगळं जागेवर आहे. इथं फक्त गेलेलं सांगा, आपापल्या भागाचं नाव टाकून. दोन ओळी असल्या तरी चालतील.

मुरारजी पेठ : जुनी मिल 1877 ची, मोरारजी गोकुळदासांची. आजोबा तिथं साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. त्यामुळं आजोबा भर थंडीतही घामेजून घरी यायचे, भुवयांवर कापसाचं तूस. अंगणात पंचानं झटकल्याशिवाय आजी आत येऊ द्यायची नाही. साठच्या दशकात मिल बंद पडली. तिथं आता राहायला आलेल्यांना यातलं काही माहीत नसतं, आणि का असावं?

पूर्व भाग : आमच्याकडं इमारत कसली बे, घरच कारखाना! पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग. नान्ना, म्हणजे वडील, खड्ड्यात पाय सोडून बसायचे, अम्मा सुताच्या कांड्या भरायची. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. यंत्रमाग आले तसा माग विकला, खड्डा बुजवून फरशी घातली. ती फरशी अजून खचते. दोनदा बदलली.

सेटलमेंट : तुम्ही सगळे हळहळताय, म्हणून लिहितो. 1871 च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी, बाहेर पडायला पास. पणजी त्या पासवर गिरणीत जायची. उशीर झाला की हजेरीला जाब द्यायचा. 1952 ला कायदा गेला, तारही गेली. बरंच झालं. फक्त ती कुठून कुठवर होती, हे पोरांना बोट करून दाखवता येत नाही. तेवढी एक खूण ठेवायला हवी होती.

मंगळवार पेठ : 1930 ला इंग्रजांनी इथं लावलेल्या मार्शल लॉत गांधी टोपी दिसली की फटके. पणजोबांची टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली होती, असं आजी सांगायची. टोपी राहिली, कणगी नाही.

होटगी रोड : सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विसरू नका. 15 जून 2023 ला पाडली, विमानतळाला अडथळा म्हणून. आमच्या गच्चीवर अर्धे लोक टाळ्या वाजवत होते, अर्धे शिव्या घालत होते. 2025 ला विमानं सुरू झाली, पण भांडण मिटलेलं नाही.

मुरारजी पेठ : कुणाकडं जुन्या मिलच्या फाटकाचा फोटो आहे का? लग्नाचे अल्बम काढून बघा. वरातीच्या मागं काय दिसतं ते नीट बघा, नवरा-नवरीकडं नंतर.