ओर्विएतोची विहीर चुकवू नका

रोमहून एका दिवसात ओर्विएतो (इटलीतलं टेकडीवरचं जुनं शहर) करता येईल का, असं इथे कुणीतरी विचारलंय. आरामात येईल. स्टेशनसमोरच्या फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर गेलात की जवळच सान पात्रित्सिओची विहीर आहे. कथेड्रल सगळेच बघतात, पण मला ही जास्त आवडली. 1527 मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप क्लेमेंट सातवा इथे आश्रयाला आला आणि वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्याने ही खोदवली. खोली सुमारे 53 मीटर, पायऱ्या 248. गंमत म्हणजे जिने दोन, एकमेकांभोवती गुंफलेले. पाणी आणणारी खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची; समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही! चढताना गुडघे बोलतात, तेवढं धरून चाला. वेळ उरलाच तर बसने बान्योरेज्जोला जाऊन पुढे पादचारी पुलावरून चिविता हे टेकडीवरचं जुनं गाव गाठा.