कॉकपिटमध्ये घोट्याइतकं पाणी, मागची भोकं बुजवू काय?

शिडवाला_हुक्केरी
हिडकल धरणाच्या पाण्यात १४ फुटी फायबरची शिडाची बोट. एकटा असलो तर कॉकपिट (बसायचा खोलगट भाग) कोरडं, मागं दोघं बसली की पाणी चढतं. मागच्या पाटीला २५ मिमीची दोन भोकं, तळाला बेलर (बोट वेगात असली की आतलं पाणी बाहेर ओढणारं, उघडबंद करायचं तोंड). एकजण म्हणतात, गोड्या पाण्यात बोट खालीच बसते, इलाज नाही.

काठावरचा
बुजवू नका की ओ! कॉकपिटची जमीन बाहेरच्या पाण्याच्या वर असेल तोवरच भोकं पाणी बाहेर काढतात. मागं वजन आलं की पाटी बुडते आणि तीच भोकं पाणी आत घेतात. काठाला बोट उभी करून दोघांना नेहमीच्या जागी बसवा, पाणी भोकाच्या कुठवर येतंय बघा. मग त्यांना सेंटरबोर्डच्या (बोट आडवी सरकू नये म्हणून मधून पाण्यात सोडायची फळी) पेटीलगत सरकवून परत बघा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.
नाहीच भागलं तर बाहेरून रबरी झडप लावा. वरची कड पट्टीखाली स्टेनलेस स्क्रूनं दाबायची, खालची मोकळी. रबर २ मिमीचं बास. जाड घेतलं तर थोड्या पाण्याला उघडतच नाही. स्क्रूच्या भोकांत पॉलियुरेथेन सीलंट भरा, नाहीतर पाटीच्या आतलं प्लायवूड कुजतं.

गोडं_पाणी
गोड्या पाण्याला उगीच बोल लावू नका. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड. माणसांसकट ३०० किलोची बोट धरणात साधारण ७ लिटर पाणी जादा सारते, म्हणजे २ मिमीच्या आसपास खाली बसते. पण १.५ बाय १.२ मीटरच्या कॉकपिटात १० सेंमी पाणी म्हणजे १८० किलो! वर ते कललेल्या बाजूला धावतं, मग बोट आणखी कलते.

शिडवाला_हुक्केरी
झडप लावली तर बेलर उघडाच ठेवला तर चालेल?

काठावरचा
नाही. तो ४-५ नॉट (ताशी ७-९ किमी) वेगावर ओढतो. वारा पडला की त्यातूनच पाणी वर येतं. वेग उतरायच्या आधी बंद करायचा. बंद असूनही झिरपत असेल तर गॅस्केटात वाळू अडकलेली असते, धुवून बघा. आणि भोकं मोठी करायचीच असतील तर ३८ मिमी करा, पाणी जायची वाट सव्वादोनपटीपेक्षा जास्त होते.

गोडं_पाणी
१० लिटरची बादली दोरीनं बांधून ठेवा. उपसताना शिडाची दोरी सोडून नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडं करायची.