पे-एस-वे आणि आपण: कारखान्याच्या क्लबबद्दलचे अनुभव

नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनात आता इतकी मराठी माणसं आहेत की बाजारात मेथी निवडताना मागून "ताजी नाहीये हो" असं ऐकू येतं. पण फुटबॉलचा विषय निघाला की निम्मी मंडळी "आम्ही क्रिकेटवाले" म्हणून चहा टाकायला उठतात. म्हणून हा धागा. पीएसव्ही (इथे म्हणायचं पे-एस-वे), म्हणजे आपल्या गावचा फुटबॉल क्लब, तुमच्या आयुष्यात कसा शिरला ते लिहा. स्कोअरकार्ड नको, अनुभव हवेत.

सुरुवात माझ्यापासून. २०१४ साली फिलिप्सडॉर्पमध्ये भाड्याने घर घेतलं. एजंट म्हणाला होता, शांत वस्ती आहे. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी कुकरची शिट्टी व्हायला आणि खिडकीच्या काचा थरथरायला एकच गाठ पडली. मी गॅस बंद करून बाहेर धावलो. शेजारचे आजोबा दारात बसले होते, त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. १-०.

ही वस्ती फिलिप्सने आपल्या कामगारांसाठी बांधली आणि त्यांना खेळायला शेजारी मैदान दिलं. ३१ ऑगस्ट १९१३ ला क्लब निघाला, नाव फिलिप्स स्पोर्ट फेरेनिखिंग, म्हणजे सरळसरळ कंपनीचं क्रीडामंडळ. तेव्हापासून मैदान त्याच जागी आहे. क्लबचे रंग लाल-पांढरे का, तर म्हणे पहिले अध्यक्ष हॉफकेस यांच्यासमोर टेबलावर रास्पबेरीचं सरबत आणि पांढऱ्या कागदाची वही होती. लाल आणि पांढरा, झालं काम. खरंखोटं देव जाणे. आजोबांनी मला ही गोष्ट तीनदा सांगितली, तिन्ही वेळा हातात बिअर होती.

लोणीकर

आमच्या घरी फिलिप्स म्हणजे जवळजवळ आडनाव होतं. बाबा लोणी काळभोरच्या कारखान्यात. १९८८ च्या एप्रिलमध्ये कंपनीने त्यांना ट्रेनिंगला आइंडहोवनला पाठवलं. एका विधवा बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. फुटबॉलशी बाबांचा संबंध शून्य, पण २५ मेच्या संध्याकाळी खाली बैठकीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि बाईंनी त्यांना जिन्यावरूनच ओढून आणलं.

युरोपियन कपची फायनल, स्टुटगार्टला, समोर बेनफिका. बाबांचा पिंड हिशेबनिसाचा. सामन्याआधी बाईंच्या भाच्याने त्यांना सांगितलं की उपांत्यपूर्व फेरीत बोर्दोशी दोन बरोबऱ्या, मग रेआल माद्रिदशी दोन बरोबऱ्या, बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर पुढे. बाबांना वाटलं आपलं इंग्रजी कमी पडतंय. फायनलही ०-० राहिली. म्हणजे शेवटचे पाच सामने, त्यातला एकही जिंकलेला नाही, आणि तरी कप दाराशी उभा. "ही कुठली पद्धत?" असं ते आजही विचारतात.

पेनल्टी सुरू झाल्या तशा बाई उठल्या, टीव्हीकडे पाठ केली आणि इस्त्रीचं टेबल मांडलं. एकच रुमाल. घडी घालायची, मोडायची, पुन्हा इस्त्री फिरवायची. दोन्ही बाजूंच्या पाचही पेनल्टी गोलात गेल्या. सहावी यान्सेनने मारली. मग बेनफिकाचा वेलोझो आला, गोलरक्षक फान ब्रॉयकेलेन बरोबर त्याच बाजूला झेपावला आणि चेंडू अडवला. भाचा ओरडत रस्त्यावर. बाईंनी आधी इस्त्रीचा प्लग काढला, मग रडल्या. बाबा म्हणतात, मला त्या बाईंचं तेव्हाच कळलं, आपल्या आजीसारख्याच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात खाती ओस. फोरमनने फळं घातलेला मोठा गोल केक आणला होता. बाबांना वाटलं वाढदिवस असेल, त्यांनी त्याला शुभेच्छा दिल्या. त्यानेही घेतल्या.

बरोबर एक महिन्याने, २५ जूनला, हॉलंडने युरो जिंकलं, आणि गोलात पुन्हा तोच फान ब्रॉयकेलेन. बाबा तेव्हाही तिथेच. फोटो मात्र एकही नाही. कॅमेऱ्यात रोल नीट अडकलाच नव्हता.

सांगलीची सून, वेल्डहोवनची आई

आमचा आठ वर्षांचा चिरंजीव मॅच बघून आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, समोरचे लोक आपल्याला बूर म्हणत होते. आपण शेतकरी आहोत का?" अ‍ॅमस्टरडॅम-रॉटरडॅमवाले आमच्या लोकांना अडाणी खेडवळ म्हणून "बूरेन, बूरेन" चिडवतात. इथल्यांनी ती शिवीच उचलून स्वतःच्या अंगावर घातली आणि आता हेच ती गर्वाने ओरडतात.

पण आमची पंचाईत अशी की आमचा खरंच मिरजेजवळ चार एकर ऊस आहे. त्याला सांगितलं, बाळा, यांच्यातले निम्मे नावापुरते आहेत, तू खानदानी बूर आहेस. त्याने वर्गात जाऊन सांगितलं. बाईंनी ऊस म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगायला मलाच बोलावलं.

अवांतर: आमच्या ब्राबांट प्रांतातला मऊ ग शिकून मी अ‍ॅमस्टरडॅमला गेले, तर तिकडचे घशातून खाकरल्यासारखा ख काढतात. दुकानदार म्हणाला, दक्षिणेकडच्या का तुम्ही? म्हटलं हो, बरंच दक्षिणेकडची.

रांग २२

स्टेडियममध्ये गेलात तर ड विभागात रांग २२, खुर्ची ४३ बघून या. ती फ्रिट्स फिलिप्स यांची. संस्थापकाचा मुलगा, सबंध कंपनीचा अध्यक्ष राहिलेला माणूस, पण साहेबलोकांच्या काचेमागच्या कक्षात न बसता लोकांमध्ये बसायचा. गावात त्यांना कुणी आडनावाने हाक मारत नसे, "मेनेर फ्रिट्स" म्हणत, आपल्याकडे फ्रिट्ससाहेब म्हणतील तसं. २००५ मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. मी पहिल्यांदा ती खुर्ची शोधली तेव्हा शेजारच्याने विचारलं, तिकीट चुकलंय का? म्हटलं नाही, दर्शनाला आलोय.

गप्प बसलेला आयाक्सवाला

अ‍ॅम्स्टलवेनहून. आयाक्स म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा क्लब, तेव्हा मला इथे बोलायचा हक्क आहे का माहीत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये डच लीगचे पाच सामने बाकी असताना आम्ही ९ गुणांनी पुढे होतो. मी ऑफिसातल्या पीएसव्हीवाल्याला पेढे दिले. पेढे! मग उट्रेख्टला चार गोल खाल्ले, घरच्या मैदानावर एनईसीने तीन घातले, आणि ख्रोनिंगनला भरपाई वेळेत, ९९ व्या मिनिटाला, बरोबरीचा गोल. १८ मेला आम्ही एका गुणाने मागे. त्याने सोमवारी रिकामा डबा धुऊन परत दिला. एक शब्द बोलला नाही.

२००७ चा साक्षीदार

वरच्यांचं दुःख समजतं, पण २००७ बघा. शेवटच्या दिवशी सकाळी एझेड, आयाक्स आणि पीएसव्ही तिघांचे ७२ गुण. मी तेव्हा विद्यार्थी, तिकिटाची ऐपत नाही, बारमध्ये एक कॉफी घेऊन तीन तास बसलो. तिकडे एझेड एक्सेलसिओरकडून हरलं. इकडे पीएसव्हीचं फिटेसविरुद्ध ४-१ झालं तरी कुणी हसेना. गोलफरक आयाक्सच्या बरोबरीत आला होता, आणि मग जास्त गोल कुणाचे बघणार, तर ते आयाक्सचे. एक अजून हवा होता. तो कोकूने घातला. ५-१. अख्खं वर्ष खेळायचं आणि शेवटी एका गोलावर. बारवाल्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी अजूनही तिथेच जातो.

निळा-पांढरा

या गावात दुसराही क्लब आहे, एफसी आइंडहोवन, १९०९ चा, म्हणजे तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. १९५४ मध्ये देशाचा विजेता. आमच्याकडे तिकीट स्वस्त मिळतं आणि बसायला जागा भरपूर. बाकी चालू द्या.

निवृत्तीला दोन वर्षं

माझा डच सहकारी, वय ६३, वडील आणि आजोबा दोघेही फिलिप्समध्ये. १९८२ पासून पीएसव्हीच्या शर्टावर फिलिप्स लिहिलेलं असायचं, ते २०१६ मध्ये गेलं. त्या वर्षीचा शर्ट त्याने घेतला आणि ऑफिसच्या खणात ठेवला, घडीसुद्धा न मोडता. मी म्हटलं, स्टेडियमचं नाव तर अजून फिलिप्सच आहे. तो म्हणाला, नाव राहिलंय, पण मुख्य कार्यालय कुठे नेलं त्यांनी? आणि मग एकेक अक्षर चावून: "अ‍ॅम-स्टर-डॅम." पंचवीसेक वर्षं होऊन गेली त्याला, पण याच्यासाठी काल घडल्यासारखं.

धागाकर्ता

लोणीकर, बाबांना विचारा ना, त्या बाईंचं घर कुठल्या गल्लीत होतं?

लोणीकर

विचारलं. नाव आठवत नाही म्हणतात. विटांचं बैठं वाटणारं घर, हिरवा दरवाजा, आणि वरच्या खोलीच्या खिडकीतून स्टेडियमचे दिवे दिसायचे.

धागाकर्ता

आमच्या रांगेत तीन हिरवे दरवाजे आहेत. आजोबांना उद्या विचारतो, त्यांच्या आठवणीत इस्त्रीवाली कुणी मावशी आहे का.