मांड पक्की होते, पण नुसत्या रपेटीने नाही

चाळिशीनंतर घोड्यावरची मांड, म्हणजे खोगिरात तोल सांभाळून बसणं, सुधारत नाही, असं काही जण म्हणतात; हे मत पटलं नाही. वयाचंच म्हणाल, तर जपानचे घोडेस्वार हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याची स्पर्धा) खेळले, ७१ व्या वर्षी! खरी अडचण वेगळी आहे. मोठ्या माणसाचे खुबे आखडलेले असतात, पडायची भीती असते (रास्तच आहे ती), मग तो गुडघे आवळतो आणि तोल लगामावर सांभाळतो. घोड्याच्या तोंडाला ओढ बसते, तो मान वर करतो. स्वाराला हे कळत नाही. खाली उभ्या प्रशिक्षकाला लगेच दिसतं. म्हणून दर आठवड्याला बघणारं कोणीतरी हवंच. प्रशिक्षकाने शांत घोडा लांब दोरावर गोल फिरवावा, आपण लगाम आणि रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) सोडून फक्त बसावं. कंटाळवाणं आहे, पण दुडकीत (घोड्याच्या उसळत्या, मध्यम वेगाच्या चालीत) बसणं तिथेच जमायला लागतं.