दुकानात स्कॅनर उघड लावू का? आबा ऐकत नाहीत

किराणावाली_जिंतूर:
जिंतूर तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर आबा बसतात, परभणीच्या मोंढ्यातून माल मी भरते. स्कॅनर आहे, पण माझ्या बचत खात्याचा, तोही बिस्किटांच्या बरणीमागे. फोनवर पैसे घेतले की सरकारला दिसतात, उद्या नोटीस येईल, असं आबांचं म्हणणं. बंगळुरूचे व्हिडिओ कुणीतरी दाखवलेत त्यांना! इकडे शाळेतले सर काय, ऊसतोडीहून परतलेली माणसं काय, कुणाच्या खिशात रोख नसते. ‘स्कॅनर नाही? मग राहू द्या’ म्हणत समोरच्या दुकानात जातात. वर्षाची विक्री २५ लाखांच्या आसपास. नोटीस येईल का?

करसल्लागार_नांदेड:
ताई, बंगळुरूत जुलै २०२५ मध्ये यूपीआयचे आकडे बघून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हे खरं. लोकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. पण मर्यादा यूपीआयची नाहीच, एकूण विक्रीची आहे. रोखही त्यातच धरतात. आपल्याकडे नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.

खरी गोची वेगळी. भावाने पाठवलेले पैसे, भिशी, विक्री, सगळं एकाच खात्यात आलं की बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच वाटते. बंगळुरूतल्या कित्येकांची तक्रार हीच होती. त्यात दुकान आबांचं आणि पैसे तुमच्या खात्यात, हा घोळ आधी मिटवा. दुकानाच्या नावाने चालू खातं काढा.

आणि आबांना हे सांगा: प्राप्तिकरात छोट्या दुकानदारांचा नफा विक्रीवरून अंदाजाने धरायची सोय आहे, त्यात रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. म्हणजे २५ लाखांवर दोनऐवजी दीड लाख. लपवून तोटाच आहे.

चहावाला_सेलू:
स्कॅनर लावा, पण पैसे आले की बोलून सांगणारा साऊंडबॉक्स घ्याच. गर्दीत पोरं जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जातात. डब्याचं भाडं भरावं लागतं, पण २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही, तेव्हा परवडतं.

दुसरं, ‘स्कॅन करतो, मला रोख द्या’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला हात जोडा. माझ्याकडे असाच एक येऊन गेला. पैसे फसवणुकीचे निघाले, परराज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने माझं खातं गोठवलं. दूधवाल्याला द्यायला पैसे नव्हते हो! मी चहा विकला होता, गुन्हा नव्हता केला.

किराणावाली_जिंतूर:
काल आबांना ८ आणि ६ चा हिशेब मांडून दाखवला. ऐकून घेतलं आणि मग खरं काय ते बाहेर आलं. पीककर्ज थकलंय, त्यामुळे बँकेने त्यांच्या खात्याला होल्ड लावलाय. तिथे पडलेला रुपया निघत नाही. सोयाबीनचे पैसे असेच अडकले होते म्हणे. नोटीस-बिटीस सगळं निमित्त. रोख गल्ल्यात असली की सकाळी मोंढ्यात जाता येतं, एवढंच त्यांचं गणित. आता या माणसाला चूक कसं म्हणू?

करसल्लागार_नांदेड:
मग चालू खातं त्या बँकेत नकोच. आबा तयार असतील तर दुकान रीतसर तुमच्या नावावर करा, छोट्या धंद्यांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन फुकट होते, आणि खातं दुसऱ्या बँकेत काढा. पीककर्जाचं मात्र बँकेत समोरासमोर बसून बोला, ते स्कॅनरने सुटणार नाही. दुकानाचा परवाना सध्या कुणाच्या नावावर आहे?