‘बिल ऑफ फेअर’ला ‘मेन्यू’ म्हणायचं का?

एका जुन्या इंग्रजी गोष्टीचा अनुवाद तपासतेय. खानावळीच्या दारावर ‘बिल ऑफ फेअर’ लावलंय. अनुवादकाने लिहिलंय ‘भाड्याची पावती’! हसून झालं, पण आता मी काय लिहू? इथलं ‘बिल’ म्हणजे नुसती यादी, ‘फेअर’ म्हणजे खाणंपिणं. ‘मेन्यू’ मला नको. इंग्रजीत तो फ्रेंचमधून १९ व्या शतकात आला, ‘बिल ऑफ फेअर’ १७ व्या शतकापासून आहे. गोष्ट १८ व्या शतकातली.

प्रतिसाद १ : अनुवाद आजच्या मराठीत करताय ना? मग शतकं कसली मोजता? त्या हिशेबाने पात्रांनाही बखरीच्या भाषेत बोलायला लावा. ‘मेन्यू’ लिहा, मोकळे व्हा.

प्रतिसाद २ : अजिबात नाही. ‘मेन्यू’ म्हटलं की मला मोबाइलच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दिसतात. आपला ‘बेत’ आहे की! ‘आज काय बेत?’ यात सगळं आलं.
बाकी त्या अनुवादकाला फार हसू नका. या ‘फेअर’चा मूळ धातू ‘जाणे’ असाच आहे, ‘फेअरवेल’मध्येही तोच. प्रवासाचं भाडं आणि ताटातलं अन्न, दोन्ही अर्थ तिथूनच फुटले.

प्रतिसाद ३ : बेत दारावर टांगणार कसा? आणि बेत ठरला की तो सगळ्यांच्या पानात. खानावळीत गिऱ्हाईक निवडतं.

प्रतिसाद २ : नेहमी नाही! रॉबर्ट मे यांच्या १६६० च्या पाकपुस्तकात मेजवान्यांची ‘बिल्स ऑफ फेअर’ आहेत. काय काय वाढायचं त्याची यादी, म्हणजे बेतच.

प्रतिसाद ३ : ते यजमानाचं झालं. फील्डिंगचं ‘टॉम जोन्स’ (१७४९) उघडा. पहिल्याच प्रकरणात तो लेखकाला खानावळवाल्याच्या जागी बसवतो: हे आमचं बिल ऑफ फेअर, वाचा, पटलं तर बसा, नाहीतर दुसरीकडे जा. तिथे ‘बेत’ घालून बघा, वाक्यातली गंमतच जाते.

धागाकर्ती : पटलं. मेजवानीला ‘बेत’, दारावरच्या कागदाला ‘पदार्थांची यादी’.

प्रतिसाद १ : ‘पदार्थांची यादी’! रेशनच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतंय.

धागाकर्ती : वाटू दे. नाहीतरी नायकाला वाचता येत नाही, खानावळवालाच वाचून दाखवतो.