शब्दचर्चा : ‘जेवून राहिला’ आणि इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ

प्रश्न : ‘तो जेवून राहिला’ याचं इंग्रजी आमच्याकडची मुलं ‘ही वॉज ईटिंग’ करतात. ‘राहिला’ भूतकाळी दिसतं ना! शिकवताना हे नागपुरी रूप टाळावं का?

– टाळू नका, तेच कामाचं आहे. घडण हिंदीतल्या ‘खा रहा है’सारखी, अर्थ ‘जेवतो आहे’. भूतकाळ सांगायचा तर नागपूरकर ‘जेवून राहिला होता’ म्हणतो. तेव्हा ‘होता’ असेल तरच वॉज-वेअर, नाही तर अ‍ॅम-इज-आर, आणि पुढे क्रियापदाला आयएनजी. शिवाय ‘मी जेवतो’ रोजचंही असतं अन् आत्ताचंही. ‘जेवून राहिलो’ मात्र आत्ताचंच. ईट की ईटिंग, हे इथेच ठरतं.

– पण हा ताळा सगळीकडे जुळत नाही. फोनवर ‘ऐकू येऊन नाही राहिलं’ म्हणजे ‘आय कान्ट हिअर यू’. तिथे हिअरिंग नको. ‘पाऊस येईल असं वाटून राहिलं’ याला ‘आय थिंक’. ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ म्हटलं की डोक्यात विचार चालू आहे, असा अर्थ होतो. उलट ‘खुर्चीवर बसला आहे’, ‘स्वेटर घातलं आहे’ यांत ‘राहिला’ नाही, तरी इंग्रजीत सिटिंग आणि वेअरिंगच.

– सगळ्यात जास्त मार्क ‘पासून’वर जातात. ‘सकाळपासून थांबून राहिलो’ याला ‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स मॉर्निंग’ चुकीचं. काम मागे सुरू होऊन आतापर्यंत आलंय, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग’.

– स्पेलिंगही बघा. मेकचा शेवटचा ई जातो, रनचा एन दोनदा येतो. मग बिगिनला दोन एन आणि ओपनला एकच का? उच्चाराचा जोर शेवटच्या अवयवावर (सिलेबलवर) असला तरच सहसा अक्षर दुप्पट होतं; ओपनमध्ये तो ‘ओ’वर आहे.

प्रश्न : आणि ‘उद्या मुंबईला जाऊन राहिलो’?

– ‘आय अ‍ॅम गोइंग टू मुंबई टुमारो’. जायचं ठरलेलं आहे, म्हणून चालतं; ‘टुमारो’ गाळलं तर ऐकणाऱ्याला आत्ताच निघालात असं वाटू शकतं. विदर्भ एक्सप्रेस सुटण्याची वेळ सांगताना मात्र साधं ‘लीव्ज’, कारण ते वेळापत्रक झालं.

प्रश्न : ‘धरमपेठेत राहून राहिलो’?

– चार महिन्यांसाठी खोली केली असेल तर लिव्हिंग. घरच तिथे असेल तर लिव्ह. पण मग तुम्ही मराठीतही ‘राहतो’च म्हणाल.